ज्याची ट्रायल त्याची डाय

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी डोशाचं पीठ वाटत होते. "पद्माक्का, टूलरूममध्ये काम केलेल्या आपल्यातल्या पहिल्या बाई तुम्ही. प्रेरणादायी काहीतरी लिहून द्या ना," त्या म्हणाल्या. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. आता लिहायला बसल्यावर लक्षात येतंय की प्रेरणा म्हणून वाटावं असं माझ्याजवळ फारसं काही शिल्लक नाही. जे आहे ते लिहिते. नाही पटलं तर या जागी चकलीची पाककृती छापावी, मला वाईट वाटणार नाही.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, मी डाय बनवत होते. डाय म्हणजे काय हे मला लग्नकार्यात, बारशाला, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा सांगावं लागलंय, तेव्हा इथेही सांगते. तुमच्या घरातल्या पंख्यात, मिक्सरच्या बुडाशी, स्विचच्या पोटात पत्र्याचे छोटे छोटे तुकडे असतात. ते कोणी एकेक करून कातरीनं कापत नाही. प्रेस नावाचं एक धिप्पाड यंत्र असतं. त्यात खाली पोलादाचा साचा बसवतात, ती डाय. वरून त्याच आकाराचा पंच खाली येतो. मध्ये पत्रा सरकवायचा, प्रेसनं ठोका दिला की तुकडा खाली पडतो. डाय चांगली असेल तर हजारो ठोक्यांनंतरही तुकडा पहिल्यासारखाच पडतो.

यातली सगळी मेख फटीत असते. पंच आणि डाय यांच्यामध्ये चहूबाजूंनी सारखी फट लागते, केसाहून बारीक. एका बाजूला कमी पडली तर पंच तुटतो, जास्त झाली तर तुकड्याला बोचरी कड येते. यंत्रं बरंचसं काम करून देतात, पण शेवटचं हातानंच करावं लागतं. एका भागाला निळा रंग लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, रंग जिथे लागला तिथे जरासं घासायचं. परत रंग, परत टेकवणं, परत घासणं. दिवसचे दिवस माणूस मान खाली घालून हेच करत असतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर 'आज काय केलंस' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चिकपेटच्या मागच्या गल्लीत शिंपी होते. आमची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेली. स्वयंपाकघरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी टूलमेकिंगचा डिप्लोमा करते म्हटल्यावर अण्णांनी कातर खाली ठेवली. "कापडाला मार्जिन तरी असतं गं. लोखंड चुकलं तर काय उसवणार?" एवढंच ते बोलले. पण फी भरली.

अण्णांची एक गोष्ट मी टूलरूममध्ये घेऊन गेले. बाही आणि खांदा कुठे जुळवायचा हे कळावं म्हणून ते कापडाच्या कडेला कातरीनं एक छोटा त्रिकोण मारत. आमच्याकडे प्रत्येक टूलमेकर आपली खूण डायच्या तळाशी ठोकतो, कोणी अक्षर, कोणी टिंब. मी त्रिकोण ठोकायला लागले.

मात्र खूण ठोकायचा हक्क सहज मिळत नाही. नवीन डाय तयार झाली की ती प्रेसवर चढवून चालवून बघतात, ती ट्रायल. पहिल्या फटक्यात कुठलीच डाय नीट चालत नाही. आधी प्रेस हातानं हळूहळू खाली आणून कागद कापून बघायचा. कागद एका बाजूला कापला जातो, दुसऱ्या बाजूला नुसता दबतो. मग डाय उतरवा, घासा, परत चढवा. असं करत करत शेवटी पत्र्याचा पहिला चांगला तुकडा पडतो आणि जो ट्रायल घेत असतो तो तुकडा खिशात घालतो. खूण त्याची, तुकडा त्याचा. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून सजवली की ज्यानं त्यानं आपापले तुकडे यंत्रापुढे कुंकू लावून मांडायचे. कोणापुढे किती मांडलेत यावरून त्या वर्षी कोणाची वट किती हे सगळ्या टूलरूमला कळतं. ज्याची ट्रायल त्याची डाय, असा आमच्याकडचा कायदा. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच मोडत नाही.

माझ्या पहिल्या आयुधपूजेला फोरमन शंकरप्पांनी माझ्या हातात रांगोळीचा डबा दिला. "अक्का, सगळ्या मशीनपुढे तुम्हीच काढा. बाईचा हात." मी काढली. पुढे माझे तुकडे मांडले जायला लागले तरी रांगोळी माझ्याकडेच राहिली. निवृत्तीच्या वर्षीसुद्धा मी गुडघे धरून सगळ्या यंत्रांपुढे रांगोळी घातली आणि मग हात धुऊन माझे तुकडे मांडले. शंकरप्पा माणूस चांगला होता, हे आवर्जून लिहिते. त्यांनी मला ट्रायल घेऊ दिल्या. दिवसा प्रेस उत्पादनात अडकलेल्या असतात, त्यामुळे ट्रायल दुसऱ्या पाळीतच होते, आणि मी थांबत असे. बाईनं दुसऱ्या पाळीला थांबू नये असा नियम तेव्हा नव्हता. इथे बाई येईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, मग नियम कोण कशाला करतो?

एक गिऱ्हाईक होतं, पंख्यांचे सुटे भाग बनवणारं. भला गृहस्थ, पान खाणारा, हसतमुख. त्याला माझ्या डाय फार आवडायच्या. "त्रिकोणवाल्या मेस्त्रीचीच द्या हं," असं तो ऑर्डर देतानाच सांगायचा. बरीच वर्षं हे चाललं. एकदा तो स्वतः टूलरूममध्ये आला आणि त्रिकोणवाल्या मेस्त्रींना भेटायचं म्हणाला. शंकरप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं नमस्कार केला, तोंडभर कौतुक केलं, पुढच्या खेपेला माझ्यासाठी मैसूरपाकाचा डबाही पाठवला. आणि त्यानंतरच्या डायमध्ये त्याला कडा बोचऱ्या लागायला लागल्या. दोनदा परत पाठवली. दोन्ही वेळा आम्ही नुसती पुसून, दुसऱ्या कोणाची तरी खूण ठोकून दिली आणि ती उत्तम चालली. शंकरप्पा पोट धरून हसले. मीही हसले. घरी येऊन मैसूरपाक मोलकरणीला देऊन टाकला.

हे सगळं मी सहन केलं, कारण मला वाटायचं की पहिल्या बाईनं हे सोसायचंच असतं. दुसरी येईल तिला कमी लागेल, तिसरीला त्याहून कमी. हा हिशेब मी इतकी वर्षं मनाशी धरून होते की तो चुकू शकतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसरी यायला फार वर्षं लागली. शंकरप्पा निवृत्त झाले, कारखान्याच्या पाटीवर नवा रंग आला, आणि कंपनीनं ठरवलं की आता मुली घ्यायच्या. चार जणी एकदम आल्या. तिघी लवकरच तपासणीच्या खोलीत आणि डिझाइनच्या कॉम्प्युटरवर गेल्या. बेंचवर, म्हणजे हातकामाच्या टेबलाशी, उरली एकटी रुपाली. निपाणीकडची. तिकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलतानाही 'मी येतो, मी करतो' म्हणतात. आली त्या दिवशीच माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "अक्का, मी कॉम्प्युटरवर बसत न्हाई. मला हातानं शिकवा की."

तिचा हात चांगला होता. कानस धरली की खांद्यापासून सरळ जायची. मी तिला शिकवताना अण्णा मला दिसायचे, सुईत दोरा ओवताना श्वास रोखून धरणारे. फक्त एक अडचण होती. काही माणसांचा घाम पोलादाला सोसत नाही. त्यांचं बोट घासलेल्या पोलादाला लागलं आणि तसंच राहिलं की काही दिवसांत तिथे गंज धरतो, बोटाच्या रेघांसकट. रुपालीचे हात तसे होते. "हिच्या हातात मीठ आहे, सगळी मापं खराब करेल," असं पोरं म्हणायला लागली. ती रडली नाही. तेलाचं फडकं तिनं कमरेला खोचलं ते कायमचं. हात लावला की पूस, पुसलं की तेल. तिनं हाताळलेलं पोलाद टूलरूममध्ये सगळ्यांत चकचकीत राहायला लागलं.

मी तिच्यात जीव गुंतवला. निवृत्ती जवळ आली होती. टूलमेकर आपली बरीचशी हत्यारं स्वतः बनवतो: रेघ ओढायची सुई, लहान गुण्या, टेकू द्यायचे घासलेले ठोकळे. माझी पेटी मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून भरत आले होते. ही पेटी रुपालीच्या बेंचवर जायची, हे मी ठरवून टाकलं. त्यासाठी तिला टूलमेकर म्हणून उभं राहायला हवं होतं, आणि त्यासाठी तिच्या नावावर ट्रायल हवी होती.

आणि ट्रायल तर दुसऱ्या पाळीत. आता मात्र नियम होता. मुलींच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी संध्याकाळच्या कंपनीच्या बसनं घरी जायचं, म्हणजे जायचंच. रुपाली डाय बनवायची, बस सुटायची, आणि तिच्या शेजारच्या बेंचवरचा पोरगा, नवीन त्याचं नाव, ट्रायल घ्यायचा. सकाळी ती यायची तेव्हा डायवर नवीनची खूण असायची. नवीन वाईट पोरगा नव्हता. तो म्हणायचा, "अक्का, नानु एनु माडलि? मी काय करू? ट्रायल मी घेतली ना." आयुधपूजेला त्याच्या यंत्रापुढे तुकड्यांची रास आणि रुपालीच्या हातात रांगोळीचा डबा. तो डबा मी तिच्या हातातून काढून घेतला, एवढंच मला करता आलं.

मी टूलरूमच्या साहेबांकडे खेटे घालायला लागले. एक प्रेस, फक्त एक दिवस, दिवसाउजेडी द्या. साहेब तरुण होते, समोरच्याचं नीट ऐकून घेणारे. एक दिवस त्यांनीच बोलावलं. "अक्का, ग्रेट आयडिया. महिला दिनाला करू. रुपालीची ट्रायल, लाइव्ह, सगळ्यांसमोर." मी म्हटलं, साहेब, ट्रायल लोकांसमोर करायची गोष्ट नाही, पहिल्यांदा ती फसतेच, फसायलाच हवी. ते म्हणाले, "डोंट वरी, अक्का."

मी हो म्हटलं. प्रेस मिळत होती, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. रुपालीनं त्या दिवसाची डाय माझं बोटही लागू न देता बनवली. स्विचमधला एक छोटासा कंगोऱ्यांचा तुकडा होता, कोपरे नाजूक. शेवटच्या आठवड्यात ती डबाही बेंचवरच खायची. खूण काय ठोकणार विचारलं तर लाजली. मग म्हणाली, "तुमचाच तिरकोन, पर उलटा. चालंल न्हवं?"

महिला दिनाला प्रेसला गुलाबी रंग दिलेला होता. फुगे होते, गुलाबाची फुलं होती, भिंतीवर पहिल्या महिला वैमानिक, पहिल्या महिला डॉक्टर वगैरेंच्या रांगेत शेवटी माझाही फोटो होता. केक कापला. पाहुणे टाळ्या वाजवायच्या तयारीत उभे होते. रुपालीनं नेहमीप्रमाणे कागद सरकवला, हातानं प्रेस खाली आणली, वर नेली.

कागद कापला गेला होता. सगळ्या बाजूंनी, सगळ्या कंगोऱ्यांवर, स्वच्छ. लोकांनी कागदालाच टाळ्या वाजवल्या.

मी आयुष्यात नव्या डायवर असा पहिला कागद पाहिला नव्हता. रुपालीनं खिशातली बॅटरी काढून पंचावर धरली. नव्या पंचाच्या बाजू करड्या असतात. पत्र्यातून गेला की कडेला चकाकीचा एक पट्टा उमटतो. तो पट्टा तिथे होता. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी नवीनकडे पाहिलं, तो केकची बशी धरून खाली मान घालून उभा होता. आदल्या संध्याकाळी, बस सुटल्यावर, डाय चालवून झाली होती.

"अक्का," ती एवढ्या हळू बोलली की मलाच ऐकू आलं, "ही आधीच चाललीया."

मग ती सरळ उभी राहिली, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली. ठोका पडला. तुकडा खाली आला. टाळ्यांचा कडकडाट झाला, कोणीतरी शिट्टी वाजवली, साहेबांचे डोळे खरोखरच पाणावले होते. रुपालीनं तुकडा उचलला, पुसला, तेल लावलं आणि खिशात न घालता माझ्या तळहातावर ठेवला.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी गाठलं. त्यांना माझा राग कळलाच नाही. "अक्का, पाहुण्यांसमोर फसली असती तर? मुलींना जमत नाही असंच म्हणाले असते सगळे. मी तिला वाचवलं." ते चुकीचं बोलत नव्हते. तसंच म्हणाले असते. मी नवीनला विचारलं, चालवलीस तेव्हा कशी होती? तो म्हणाला, "स्वल्प एक कोपरा घासला, अक्का. अगदी स्वल्प."

हे मी रुपालीला सांगितलं नाही, पण टूलरूममध्ये काही लपून राहत नाही. संध्याकाळी बसची वाट बघताना तिनं विचारलं, "अक्का, त्यानं घासली नसती तर चालली असती का माझी डाय?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. पण मला खरंच माहीत नव्हतं. तो कोपरा आता घासला गेला होता. चालली असती, नसती, फसली असती तर तिनंच उतरवून नीट केली असती. यातलं काहीच आता कधीच कळणार नव्हतं. तिलाही नाही, मलाही नाही. मी म्हटलं, "पुढची करू." ती म्हणाली, "पुढची बी पुढल्या महिला दिनालाच का?"

पावसाळ्याच्या आधी तिला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. मुलींची भरती, त्यांचे कार्यक्रम, त्यांच्या अडचणी बघायच्या. पगार चांगला, काम एसीत, आईवडील खूश. मी तिला थांबवायला बेंचपाशी बराच वेळ बोलले, नंतर नंतर तर विनवण्याच केल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. "अक्का, तितं निदान माझ्या माघारी कोण माझं काम करून ठेवणार न्हाई," ती म्हणाली. कमरेचं फडकं काढून तिनं घडी घातली आणि माझ्या बेंचवर ठेवलं.

मी निवृत्त झाले तेव्हा पेटी तरीही तिलाच दिली. नवीननं मागितली होती, आणि हत्यारांचं भलं त्याच्याकडेच झालं असतं हे मला कळत होतं. पण मन मानेना. रुपालीला म्हटलं, कधी तरी खाली उतरशील, तेव्हा काढ. तिनं पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मला वाटलं, उतरेल.

या मार्चमध्ये तिनं मला महिला दिनाची प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. गाडी पाठवली. कार्यक्रम देखणा होता, सगळा तिनं आखलेला. भाषण इंग्रजीत, एकही शब्द अडखळला नाही. मला अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचाच त्रासही झाला. मग ती माझा हात धरून स्वागतकक्षात घेऊन गेली. "अक्का, डोळे मिटा." मी मिटले. उघडले तेव्हा समोर काचेचं कपाट होतं, आत पिवळे दिवे, आणि दिव्यांखाली मखमलीवर माझी हत्यारं. सुई, गुण्या, ठोकळे, कानशी. एकेक वेगळं, सुटं, आकाराप्रमाणे मांडलेलं. खाली पितळी पाटी: आमच्या पहिल्या महिला टूलमेकर.

"आवडलं?" तिनं विचारलं. तिचा चेहरा इतका आनंदी होता.

मी चष्मा वर करून जवळून पाहिलं. मोठ्या ठोकळ्यावर, मी आरशासारखा घासलेला होता त्या बाजूला, तांबूस डाग होता. आणखी जवळ गेले. डाग नव्हता, ठसा होता. बोटाच्या सगळ्या रेघा गंजून स्वच्छ उमटल्या होत्या. तिनंच आपल्या हातानं मांडलं असणार सगळं, जीव लावून. तेवढं फडकं मात्र आता कमरेला नव्हतं.

तिनंही तो पाहिला. मग मी म्हटलं, "किल्ली आण गं. जरा तेल लावू. अजून वरवरचा आहे, निघेल."

"तेलानं मखमलीला डाग पडतात, अक्का," ती म्हणाली. "आणि किल्ली अॅडमिनकडं असते."

"बेंचवर कोणी आहे का आता?"

"मुली आहेत की. पण बेंचवर..." आपला उजवा हात तिनं पदराआड घेतला होता.

फोटोवाला आला. मी त्या ठोकळ्यासमोर उभी राहिले, ठसा फोटोत येऊ नये म्हणून. रुपाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, अगदी खेटून, तीही त्याच जागी.

"मॅडम, दोघी जरा बाजूला सरका," फोटोवाला म्हणाला. "मागचं काहीच दिसत नाही."

आम्ही सरकलो.